रंग गेला, एवढंच लिव

सरांच्या वर्षश्राद्धाला चौकात लावलेल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर तीन चुका आहेत. पहिली, त्यांना 'थोर शास्त्रज्ञ' म्हटलंय. ते कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते, म्हणजे परीक्षानळ्या धुणारे, आणि हे ते स्वतः समोरच्यानं न विचारता सांगायचे. दुसरी, 'गावाला शुद्ध पाणी देणारे'. त्यांनी कुणालाही शुद्ध पाणी दिलं नाही. दिलं नाही, हे चारचौघांत सांगितलं म्हणूनच तर त्यांचं शेवटचं वर्ष तसं गेलं. तिसरी चूक म्हणजे फ्लेक्सच्या डाव्या बाजूचा हात जोडलेला फोटो, त्यांच्या फोटोच्या तिप्पट मोठा. तो ज्यांचा आहे त्यांच्याच कारखान्याचं लाल पाणी आमच्या वस्तीच्या विहिरीत उतरलं. त्या कारखानदारांना सगळे तात्या म्हणतात. मीही तात्याच म्हणते. माझं भांडण नावाशी नाही.

फ्लेक्स फाडायला मी गेलते. मग तसं न करता घरी येऊन हे लिहायला बसले. मी लिहायला शिकले ती पत्रकांतून. एका पानात अन्याय, गुन्हेगार आणि मागणी बसली पाहिजे, असा आमच्या संघटनेत नियम आहे. या माणसाला तो लागू होत नाही. गुन्हेगार कोण, या रकान्यात इथं मलाही बसावं लागतं.

त्यांना मी पहिल्यांदा बघितलं दिंद्रुडच्या अलीकडं, रस्त्यावर. हंगामात जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांतला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना अडकून राहतो. एक म्हातारा माणूस, शर्ट पँटीत खोचलेला, सायकल उभी करून, काठीला वाकडी तार बांधून तो कापूस खाली ओढत होता. मला वाटलं, गरजू असेल. मी माझ्या सवयीप्रमाणं विचारलं, बाबा, रेशन मिळतं का?

"पेन्शन मिळते," ते म्हणाले. "तुला काय मिळतं?"

मला तेव्हा काहीच मिळत नव्हतं. त्या दिवसापासून ते मला पुढारीण म्हणायला लागले.

त्यांच्या शर्टाचे दोन्ही खिसे कायम कापसानं फुगलेले असत. कॉलेजची पोरं मागून ओरडायची, "सर, कान दुखतोय का?" ते सायकलवरून उतरून, मागं वळून, शांतपणे उत्तर द्यायचे, "न्हाई. तुझा दुखतोय का?" आणि पोराकडं खरंच उत्तरासाठी बघत उभे राहायचे. पोरगं पळून जायचं. 'सर' म्हटल्याचंही त्यांना आवडत नसे. मी सर न्हाई, परिचर हाय, असं ते म्हणायचे. तरी अख्खा गाव त्यांना सरच म्हणायचा, मीही म्हणायचे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला गणितात राहिले आणि मग राहिलेच, हेही त्यांनी मला पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं होतं.

समोर आलेलं कुठलंही पातळ पदार्थाचं भांडं ते आधी पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बघत. चहासुद्धा. एका लग्नात आम्ही शेजारी जेवायला बसलो होतो. नारंगी सरबत आलं. सरांनी खिशातून कापसाचा बोंडाएवढा गोळा काढला, सरबतात बुडवला, थोडा वेळ ढवळला. गोळा नारंगी झाला आणि ग्लासातला रंग उतरत गेला. पंगत जेवायची थांबली. नवरीचा मामा आला आणि विचारायला लागला की हे काय चाललंय. सर म्हणाले, "काय न्हाई. रंग लई टाकलाय." मामानं त्यांना उठवलंच असतं. पण त्यांनी उरलेलं सरबत सगळ्यांदेखत शांतपणे पिऊन टाकलं. गोड चांगलं झालंय, असंही म्हणाले. दोन्ही गोष्टी ते मनापासून बोलले होते, हे मामाला कळलं नाही.

वही हा त्यांचा दुसरा नाद. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडं 'दिसलं', उजवीकडं 'वाटलं'. प्रयोगाचं असो की माणसाचं, सगळं त्या दोन खणांत. मी कौतुकानं आमचं एक पत्रक त्यांना वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी परत मिळालं ते मधोमध रेघ मारून. डावीकडं एकच वाक्य गेलं होतं, 'नाला लाल झाला आहे'. बाकी सगळं उजवीकडं. मला इतका राग आला की चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आता नाल्याबद्दल. आमची वस्ती नाल्याच्या काठाला आहे आणि पिण्याची विहीर नाल्यापासून पन्नास पावलांवर. वरच्या अंगाला तात्यांचा रंगाचा कारखाना. मंडपाचं कापड, झेंडे, उपरणी तिथं रंगतात. निवडणुका लागल्या की सगळ्या पक्षांची उपरणी तिथंच, त्यामुळं कुठला पक्ष जोरात आहे ते आम्हाला पेपरच्या आधी नाल्यावरून कळायचं. पण लाल बाराही महिने. हळूहळू विहिरीच्या पाण्याला पातळ कोकमासारखा रंग आला. मी मोर्चा काढला. मोर्च्यात लाल झेंडे होते. सर बघायला आले होते. त्यांनी एका झेंड्याचा कोपरा चिमटीत धरून विचारलं, हे कापड कुठनं आणलं? मला माहीत नव्हतं. चौकशी केली तर तात्यांच्याच कारखान्यातून. मी हे संघटनेत कुणाला बोलले नाही. आज लिहितेय.

निवृत्त झाल्यावरही कॉलेजनं त्यांच्याकडं प्रयोगशाळेची किल्ली ठेवली होती. कुठली बाटली कुठं आहे हे दुसऱ्या कुणाला ठाऊकच नव्हतं. मागच्या कोपऱ्यात त्यांचं एक टेबल होतं. अकरा वर्षं ते तिथं एकच काम करत होते. कापूस कॉस्टिक सोड्यात उकळायचा, धुवायचा, त्यावर औषधांची क्रिया करायची आणि मग रंगीत पाण्यात सोडून काय होतं ते बघायचं. मी विचारलं, कापूस रंग पिऊन टाकतो का?

"पीत न्हाई," ते म्हणाले. "गवतातनं चालल्यावर कुसळं लुगड्याला चिकटत्यात का न्हाई? लुगडं कुसळ पितंय का? वरनं चिकटतंय. तसंच हे. याला अधिशोषण म्हणत्यात."

शोषण म्हटल्यावर माझे कान टवकारले. ते म्हणाले, तू समजतीस ते न्हाई, शाळेत जरा ध्यान द्यायचं होतं.

कुसळ चिकटायला लुगड्याचं सूत खरबरीत लागतं. तसं कापसाच्या धाग्यावर काहीतरी बसवावं लागतं. लिंबाचं सत्त्व लावून तापवलेला कापूस त्यांच्याकडं आधीपासून होता. कॉलेजातला निळा आणि जांभळा रंग तो असा धरायचा की पाणी काचेसारखं होई. त्याच कापसातून आमच्या नाल्याचं पाणी त्यांनी सोडलं. लाल वरून आला, लाल खालून गेला. माझं तोंड पडलं. सरांना मात्र आनंद झालेला. "आला तसा गेला बघ," असं त्यांनी दोनदा म्हटलं. मग समजावून सांगितलं की या कापसावर ऋण भार बसलाय आणि कारखान्याचा लालही ऋणच आहे. दोघं एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. म्हणजे कापसाला धन करायला पाहिजे.

त्यासाठी जे औषध लागतं त्याचं नाव त्यांनी मला तीनदा सांगितलं आणि मला एकदाही पाठ झालं नाही. ते मिळवायला, त्याचं प्रमाण जमवायला अडीच-तीन महिने गेले. मी दर आठवड्याला जाऊन विचारायचे, झालं का. ते म्हणायचे, पाणी लाल व्हायला किती वर्षं लागली? तवर तू काय करत होतीस?

मग एके दिवशी झालं. नाल्याचं लाल पाणी कापसातून खाली आलं ते बिनरंगाचं. कापूस मात्र जास्वंदीसारखा. सरांनी भांडं कागदावर ठेवलं, बराच वेळ बघितलं, वहीत डावीकडं दोन शब्द लिहिले, 'रंग गेला', आणि वही मिटली. मी रडायला लागले. ते म्हणाले, त्यात रडायचं कावून?

वस्तीवर विहिरीपाशी ड्रम बसवला. खाली वाळू, मधे सरांचा कापूस, वर फडकं. बायका बघायला जमल्या. सुंदरमावशीनं, जिचं घर विहिरीला सगळ्यात जवळ, पहिली घागर धरली. पाणी स्वच्छ दिसत होतं. जरा मचूळ होतं, पण मचूळ तर आमच्याकडच्या निम्म्या विहिरी असतात. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पत्रक काढशील तर रंग गेला, एवढंच लिव. पाणी शुद्ध झालं म्हणू नको. बाकीचं मी अजून बघितलं न्हाई."

मी हो म्हटलं. आणि रात्रीत लिहिलं, 'रंगीत विष आता पिण्यायोग्य! गावच्या शास्त्रज्ञानं करून दाखवलं, सरकार कधी जागं होणार?' मला त्यात वावगं काही वाटलं नाही. 'रंग गेला' एवढ्यावर कोण मोर्च्याला येतं? घराघरांत पत्रक दिलं. दिंद्रुडच्या बाजारात वाटलं.

आठ दिवसांत वस्तीवरल्या लेकरांना हगवण लागली. सुंदरमावशीची नात तर इतकी गळाली की तिला सलाईन लावावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जंतू दिसत नाहीत, पाणी कुठलं पिता? मावशीनं पदराच्या गाठीतून माझं पत्रक काढून दाखवलं.

मी सरांकडं पळत गेले. त्यांनी ड्रमचं पाणी एका स्टीलच्या ताटलीत घेतलं, दुसऱ्या ताटलीत कारखान्याच्या वरच्या अंगाच्या विहिरीचं, आणि दोन्ही शेगडीवर ठेवली. पाणी आटलं. वरच्या विहिरीच्या ताटलीत पांढरट डाग राहिला, कुठल्याही पाण्याचा राहतो तेवढा. ड्रमच्या ताटलीत पांढरी साय धरली होती, नखानं खरवडावी अशी. रंग कापडावर बसावा म्हणून कारखान्यात पिंपात पोत्यानं मीठ ओततात. त्यात एक मीठ असं असतं की जुने वैद्य ते जुलाबाला द्यायचे. कापूस रंग धरतो. मीठ धरत नाही. ते आलं तसं खाली गेलं होतं. आधी लाल पाणी बघून बायका ते प्यायला जपून वापरायच्या, दूरच्या बोअरचं आणायच्या. मी ते स्वच्छ दिसायला लावलं, वर छापून दिलं की प्या.

नात बरी झाली, हे लगेच सांगून टाकते. मला त्यातून सूट मिळावी म्हणून नाही.

आमच्या तक्रारीवर तालुक्याला सुनावणी लागली होती. त्याच्या दोन दिवस आधी तात्या स्वतः सरांच्या घरी आले. मी तिथंच होते. तात्या गोड बोलतात, त्यांच्यावर चिडायला वेळ लागतो. कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्षही तेच. म्हणाले, मास्तर, तुमची कमाल आहे. नाल्याकाठच्या प्रत्येक विहिरीवर तुमचा ड्रम आमच्या खर्चानं बसवतो, कॉलेजात तुमच्या नावाची प्रयोगशाळा करतो, पोरं नेमा हाताखाली. तुम्ही सुनावणीत फक्त सांगा की ड्रमनं पाणी शुद्ध होतंय. लेकरांचं काय, पावसापाण्याचं होतं तसं.

अकरा वर्षं त्या माणसाकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. सरांनी खाटेखालून लाल कापसाचं पोतं ओढून तात्यांसमोर ठेवलं.

"हे भरलं. आता रंग धरत न्हाई. कुठं टाकायचं?"

"जाळा की," तात्या म्हणाले.

"धूर तुमच्याकडं सोडू का?"

तात्या हसत उठले. ते गेल्यावर मी सरांच्या पाया पडले म्हटलं तरी चालेल. सर, पाणी वाईट आहे एवढंच सांगा. ड्रमचं आणि लेकरांचं बोलू नका. त्यांच्या हातात कोलीत जाईल, आपली केस मरेल, कारखाना तसाच चालू राहील, आणि वस्तीनं कुठं जायचं? मी खूप बोलले. मला बोलता येतं. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पुढारीण, ती ताटली मी बघितलीय. बघितलेलं अर्धं सांगता येतं का?"

सुनावणीला खोली भरली होती. तात्यांनी पहिल्यांदा काय काढलं असेल तर माझं पत्रक. यांचंच म्हणणं आहे की पाणी पिण्यायोग्य होतंय, मग तक्रार कशाची? आणि यांच्या ड्रमानं लेकरं आजारी पडली असतील तर गुन्हा कुणावर? दोन्ही तोंडांनी बोलत होते आणि दोन्ही माझ्याच कागदावर.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी सरांना विचारलं, ड्रमनं पाणी शुद्ध होतं का? हो की नाही?

"रंग जातो."

"म्हणजे हो."

"न्हाई. रंग जातो."

लोक हसले. सरांनी पिशवीतून दोन ताटल्या काढून टेबलावर ठेवल्या. कुठली कुठल्या पाण्याची ते सांगितलं. मीठ कापसानं धरलं नाही, ते कारखान्याच्या पाण्यात आहे, विहिरीत आहे, आणि ड्रममधून निघालेल्या पाण्यातही तेवढंच आहे, हे सांगितलं. मग म्हणाले, "ड्रम मी बसवला. त्यावर पिऊ नका असं लिवायला पाहिजे हुतं. मी लिवलं न्हाई. त्या लेकरांची चूक माझ्याकडं हाय."

साहेबांनी पत्रक हातात घेऊन उलटसुलट बघितलं. खाली फक्त संघटनेचं नाव. विचारलं, हे कुणी लिहिलं?

सर म्हणाले, "ज्यानं लिवलं त्यालाच इचारा. मी माझं सांगितलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. पंख्याचा आवाज येत होता. एवढे मोर्चे काढले, एवढ्या वेळा पोलिसांसमोर छाती काढून उभी राहिले. त्या दिवशी मी उठले नाही. साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि पुढचा मुद्दा घेतला.

केस मेली नाही. दोन ताटल्यांसमोर तात्यांच्या वकिलाला फार काही बोलता आलं नाही. वस्तीला त्याच संध्याकाळी टँकर मिळाला. रंग आणि मीठ काढल्याशिवाय कारखान्यानं नाल्यात पाणी सोडायचं नाही, असा आदेश निघाला, आणि बरीच टाळाटाळ करून का होईना, नाल्यात पाणी यायचं थांबलं. ड्रम मात्र हसण्याचा विषय झाला. 'मास्तरचा कापूस' म्हणून चहाच्या टपरीवर विनोद चालायचे. पंधरा दिवसांत संस्थेकडून पत्र आलं की निवृत्त कर्मचाऱ्याकडं किल्ली ठेवणं नियमात बसत नाही. सरांनी किल्ली दिली. मी म्हटलं, यावर आंदोलन करू. ते म्हणाले, नियमात बसत न्हाई हे खरंच हाय.

सुनावणीहून परत येताना एसटीत त्यांनी मला एकच विचारलं होतं, ते पत्रक किती घरांत गेलंय? दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन ते वस्तीवर हजर. दारोदार गेलो. ते अंगणात उभे राहायचे, मी पुढं होऊन सांगायचं की हे मी लिहिलं, चुकीचं लिहिलं, हे पाणी पिऊ नका, कागद परत द्या. पहिल्या दारात मी आधी सुनावणीचंच सांगत बसले. सर बाहेर सायकलची चेन बघत बसले. काहींनी कागद दिला. काहींनी चुलीत घातला होता. एक जण म्हणाला, लिहिता येतं म्हणून काहीही लिहिता का तुमी लोक? सुंदरमावशीनं ऐकून घेतलं, आत गेली, पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, टँकरचं हाय, पी.

सर मागच्या उन्हाळ्यात गेले. आष्टीला, लेकीकडं. झोपेतच, म्हणतात.

नाला कोरडा असला तरी विहिरीतलं मीठ एका पावसात निघत नाही. मी दर महिन्याला वस्तीच्या आणि वरच्या विहिरीचं एकेक लिटर पाणी आटवते आणि खरवडून दोन पुड्या करून दिंद्रुडच्या सोनाराकडं नेते. त्याच्याकडं बारीक काटा आहे. पहिल्या वेळी त्यानं विचारलं होतं, ताई, हे मोडायचंय का गहाण ठेवायचंय? आता न विचारता वजन सांगतो. दोन आकडे अजून जवळ येत नाहीत. थोडे आलेत, पण पुरेसे नाहीत. मग मी विहिरीच्या कठड्यावर गेरूनं लिहिते, 'अजून पिऊ नका'. मागचं पुसट झालेलं असतं, त्यावरच.

परवा लिहीत होते तेव्हा सुंदरमावशी टँकरच्या रांगेत उभी होती. तिनं विचारलं, "कवर गं पोरी असंच? औंदा तरी व्हईल का?"

मला असल्या प्रश्नाची उत्तरं पाठ असतात, खाली घोषणेसकट.

"मला ठाव न्हाई, मावशी," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि घागर पुढं सरकवली.